वाफेच्या बदलाचं बिल कोणाच्या नावावर? एका सामायिक बॉयलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कापड रंगवणारे, धुणारे आणि छापणारे चौदा कारखाने एकाच आवारात होते. प्रत्येकाने आपापला बॉयलर बसवण्याऐवजी त्यांनी अकरा वर्षांपूर्वी सहकारी संस्था काढली, बँकेचं कर्ज घेतलं आणि ताशी सहा टन वाफ देणारा कोळशाचा एकच बॉयलर उभा केला. संस्थेने वाफ तयार करायची, पाइपलाइनने प्रत्येकाच्या गेटपर्यंत पोचवायची आणि महिन्याच्या शेवटी बिल पाठवायचं, अशी व्यवस्था. ओळख पटू नये म्हणून ठिकाण, नावं आणि ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

चौदांपैकी दोन कारखाने मोठे, परदेशी ब्रँडांच्या ऑर्डरी करणारे. तीन मध्यम. उरलेले नऊ छोटे, जॉबवर्कवर चालणारे: दुसऱ्याचं कापड घ्यायचं, रंगवून परत द्यायचं. त्यांची मालमत्ता म्हणजे दोन-तीन जिगर (कापड रंगाच्या टबातून फिरवणारी यंत्रं) आणि एखादं वॉशिंग मशीन. मोठ्या आणि मध्यम पाच जणांकडे स्टीम मीटर होते. छोट्यांकडे नव्हते, त्यांना मशीनच्या संख्येवर ठराविक आकार लागायचा. मीटर महाग पडतात म्हणून सुरुवातीला केलेली ही तात्पुरती सोय पुढे नियम होऊन बसली.

बॉयलर-घरात सतरा माणसं कामाला होती. परवाना असलेले बॉयलर अटेंडंट आणि फायरमन मिळून आठ जण संस्थेच्या पगारावर. कोळसा फोडणारे, भरणारे आणि राख उपसणारे नऊ जण ठेकेदाराचे. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

अडचण

मोठ्या दोन कारखान्यांच्या ग्राहकांनी उत्सर्जनाचा हिशेब मागायला सुरुवात केली आणि पाठोपाठ कोळसा बंद करण्याची मुदतही कळवली. बिटुमिनस कोळसा किलोभर जाळला की साधारण सव्वादोन ते अडीच किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रंगाईच्या धंद्यात बरीचशी उष्णता बॉयलरमधून येते. त्यामुळे उत्सर्जन कमी करा याचा पहिला अर्थ बॉयलर बदला, असाच होता.

तांत्रिक उत्तर फार लवकर सापडलं. सुती कापडावरचे बरेचसे रिअॅक्टिव्ह रंग ६० अंशांच्या आसपास चढतात, काही ८० अंशांना. १३० अंश लागतात ते पॉलिएस्टरच्या जेट मशीनला. म्हणजे संस्था सात-आठ बारच्या दाबाची वाफ करत होती आणि तिचा मोठा भाग शेवटी पाणी कोमट-गरम करण्यात जात होता. एवढ्या तापमानाचं पाणी हीट पंप, म्हणजे एका ठिकाणची उष्णता विजेच्या मदतीने उचलून दुसरीकडे देणारं यंत्र, देऊ शकतो, आणि तो उष्णता कुठून घेणार याचं उत्तर गटारात होतं: रंगाईचं वापरलेलं पाणी चांगलं गरम असतानाच बाहेर सोडलं जायचं. अशा ठिकाणी एक युनिट वीज घालून तीन युनिटांच्या जवळपास उष्णता मिळते. ठरलं ते असं: गरम पाण्यासाठी हीट पंप, उरलेल्या वाफेसाठी शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेटवर (दाबून केलेल्या ठोकळ्यांवर) चालणारा छोटा बॉयलर, आणि विजेचा काही भाग सौर प्रकल्पाशी करार करून. वीज कोळशाचीच घेतली तर धूर दुसऱ्याच्या गावात नेल्यासारखं होईल, हे समितीने आधीच ओळखलं होतं.

मग सर्वसाधारण सभा बोलावली आणि गाडी अडली. नऊ छोट्यांपैकी एका कारखान्याची मालकीण उठून उभी राहिली. दोन मोठ्यांपैकी एका कारखान्याचे मालक वयाने ज्येष्ठ, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ती म्हणाली, "भाऊ, कोळसा नको असं तुमचं गिऱ्हाईक म्हणतंय. माझं गिऱ्हाईक रंग पक्का आहे ना, एवढंच विचारतं. मग हप्ता माझ्या बिलात कसा?" भाऊंनी आवाज न चढवता उत्तर दिलं, "ताई, धुराडं एकच आहे. त्यातला धूर माझा किती आणि तुमचा किती, हे वेगळं काढता येतं का?"

या दोन प्रश्नांना बगल देऊन पुढे जाणं सहज शक्य होतं. मतदान घेतलं असतं तर ठराव कसाबसा मंजूर झालाही असता. अध्यक्षांनी सभा तहकूब केली. या प्रकरणात त्यांनी घेतलेला सर्वांत चांगला निर्णय हाच, असं मला वाटतं.

समोर असलेले पर्याय

पुढच्या बैठकीत वाटणीच्या पाच पद्धती मांडल्या गेल्या. चौदा समान भाग हा पर्याय पाच मिनिटांत निकालात निघाला. भागभांडवलाच्या प्रमाणात द्यावं, हाही फार टिकला नाही, कारण भाग घेतले होते अकरा वर्षांपूर्वी, आणि तेव्हाचे दोन मध्यम कारखाने आता छोटे झाले होते.

तिसरा पर्याय हिशेबनिसांचा होता: मशीनमागे अधिभार. बिलात एक ओळ वाढवायची की काम झालं. सोयीचा म्हणून तो जवळजवळ मंजूरच होत होता. समितीतल्या एकाने तेव्हा जर्मनीचं उदाहरण काढलं. तिथे २००० च्या कायद्याने सौर आणि पवन विजेला ठरलेला दर मिळाला, आणि त्या दराचा जादा भार प्रत्येक युनिटमागे अधिभार म्हणून ग्राहकांच्या बिलात आला. २०१७ मध्ये तो ६.८८ सेंटपर्यंत गेला. भरपूर वीज लागणाऱ्या उद्योगांना स्पर्धेत टिकण्यासाठी त्यात मोठी सूट होती. सूट मिळालेल्यांचा वाटा हवेत विरत नाही, तो उरलेल्यांच्या बिलात चढतो. तिथली घरं आणि छोटे व्यवसाय वर्षानुवर्षं तो भरत राहिले. जुलै २०२२ मध्ये अधिभार शून्यावर आणून खर्च सरकारी निधीकडे वळवला गेला. म्हणजे वीज वापरणाऱ्याकडून तो कर भरणाऱ्याकडे गेला. आपल्याकडेही सूट मागितली जाणारच, हे समितीतले ते सभासद सांगत होते, आणि तसंच झालं. त्याच बैठकीत एका मध्यम कारखान्याने "आम्ही निर्यातीच्या साखळीत आहोत" म्हणून सवलतीचा अर्ज पुढे केला.

चौथा पर्याय छोट्यांचा: ज्याला हवं त्याने भरावं. मोठे दोघे यालाही तयार होते, पण त्यांचं म्हणणं असं की मग आम्ही आमच्यापुरते हीट पंप बसवतो आणि संस्थेतून बाहेर पडतो. छोट्यांना आधी ही सुटका वाटली. हिशेब मांडल्यावर चेहरे बदलले. मोठे दोघे निघून गेले की निम्म्याहून जास्त वाफ घेणारा गेला. बॉयलर तोच, पाइपलाइन तीच, अटेंडंट तेवढेच आणि बँकेचा हप्ताही तोच. हे सगळं बारा जणांवर येणार. दर वाढला की मध्यम कारखाने पळणार, मग दर आणखी वाढणार. ज्यांच्याकडे बाहेर पडायला पैसा नाही तेच शेवटी जुन्या धुराड्याखाली राहणार, आणि तेही सर्वांत महाग वाफ घेऊन. ज्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत त्यांनी ग्रिडची वीज कमी घेतली की तारा आणि रोहित्रांचा ठरलेला खर्च बाकीच्यांकडे सरकतो, हा वाद कितीतरी देशांत चालू आहे. इथे तोच चौदा गेटांच्या आत दिसला.

पाचवा पर्याय तरुण सभासदांनी आणला: आजवर कोणी किती वाफ वापरली, त्या प्रमाणात. १९७२ मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा हे तत्त्व मांडलं होतं. १९९२ च्या रिओ परिषदेत राष्ट्रांनी त्याच्या जोडीला दुसरं सूत्र मान्य केलं: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. दोन्ही तत्त्वं सभेला पटली. अडलं ते पुराव्यापाशी. छोट्या नऊ जणांच्या वापराची एकही नोंद नव्हती.

पहिला निर्णय: आधी मोजणी

तीन महिने भाड्याचे मीटर लावायचं ठरलं. मोठ्यांची यावर नाराजी होती, कारण ग्राहकांची मुदत चालू होती. हा उशीर मात्र सार्थकी लागला.

बॉयलरमधून निघणारी वाफ आणि चौदा गेटांवर नोंदली जाणारी वाफ यांची बेरीज जुळेना. दर पाच किलोंमधली साधारण एक किलो वाफ कुठेच पोचत नव्हती. मग समितीतले दोघे आणि एक फायरमन पाइपलाइनच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेले. निम्म्या लांबीवर लॅगिंग, म्हणजे पाइपवरचं उष्णतारोधक आवरण, फाटून लोंबत होतं, काही ठिकाणी काचलोकर पावसाने भिजून नुसती चिकटून राहिली होती. अनेक स्टीम ट्रॅप (साचलेलं पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या झडपा) उघडेच अडकलेले, त्यातून वाफ सरळ बाहेर. कंडेन्सेटची, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या गरम पाण्याची, परतीची लाइन कधीकाळी गळाली म्हणून बंद केली होती, ती तशीच. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी जास्त गरम मिळालं तर जवळपास एक टक्का इंधन वाचतं. इथे उकळतं कंडेन्सेट फेकून थंड पाणी तापवलं जात होतं.

लाइनच्या टोकाला होते छोटे कारखाने. त्यांच्याकडे पोचायची ती ओली, दमलेली वाफ. टब तापायला वेळ लागायचा, म्हणून मशीन जास्त तास चालायचं. बिल मात्र मशीनवर. मीटरचे आकडे आले तेव्हा कळलं की नऊपैकी सहा जण अकरा वर्षं आपल्या वापरापेक्षा जास्त भरत आले होते. फाटलेल्या लॅगिंगचा खर्च त्यांच्या खिशातून जात होता आणि ते लॅगिंग दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. धूर वेगळा काढता येत होता.

गळतीचा भार कोणावर टाकायचा, यासाठी एक सूत्र उपयोगी पडलं. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून घर तापवण्याच्या इंधनावरचा कार्बन खर्च घरमालक आणि भाडेकरू यांच्यात वाटला जातो. इमारत जितकी उष्णता गळू देणारी, तितका मालकाचा वाटा मोठा. सर्वांत वाईट इमारतीत ९५ टक्क्यांपर्यंत. इमारत उत्तम असेल तर सगळा भाडेकरूवर. भिंती सुधारणं मालकाच्या हातात आहे आणि नळ किती वेळ उघडा ठेवायचा हे भाडेकरूच्या, म्हणून ज्याच्या हातात जे त्याच्यावर त्याचा खर्च. संस्थेने हेच घेतलं. गेटपर्यंतची गळती संस्थेची, आतली ज्याची त्याची. गेटपर्यंतची गळती संस्थेच्या खात्यावर येताच लॅगिंगची दुरुस्ती सहा आठवड्यांत झाली. हीट पंप येण्याआधीच कोळसा कमी लागू लागला.

दुसरा निर्णय: खर्चाची फोड

तोवर सगळे "प्रकल्पाचा खर्च" म्हणून एकच आकडा धरून भांडत होते. त्या आकड्याचे तुकडे केल्यावर भांडण पुष्कळ निवळलं, कारण प्रत्येक तुकड्याचा देणारा वेगळा निघाला.

नवीन यंत्रांचा खर्च ज्याने जेवढी क्षमता राखून ठेवली त्याच्यावर. मोठ्यांनी आगाऊ रक्कम भरली. छोट्यांकडून आगाऊ काहीच घेतलं नाही. त्यांचा वाटा उष्णतेच्या दरात मिसळला, आणि पहिली पाच वर्षं तो दर कोळशाच्या जुन्या दरापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही असं लिहून घेतलं. वीज महागली तर फरक भरायला मोठ्यांच्या आगाऊ रकमेतून एक राखीव निधी बाजूला काढला. मोठ्यांनी हे का मानलं? बारा जण सोबत राहिले तरच मोठा हीट पंप पूर्ण क्षमतेने चालणार होता आणि दर खाली राहणार होता. हिशेब त्यांच्याही बाजूचा होता, फक्त तो कोणी कागदावर मांडला नव्हता.

जुन्या बॉयलरच्या कर्जाचे दीड वर्षाचे हप्ते बाकी होते. बॉयलर बंद झाल्यावरही ते फेडायचे. हे मात्र मागच्या वापराच्या प्रमाणात वाटलं, आणि मोजणीवरून छोट्यांचा मागचा वापर अंदाजला. त्यांनी जास्त भरलेली रक्कम यात वळती केली. सहा छोट्यांच्या वाट्याला त्यामुळे जवळजवळ काहीच उरलं नाही. जुन्या बॉयलरने ज्याला जास्त कमावून दिलं त्याने त्याचं देणंही जास्त फेडायचं, यावर शेवटी कोणीच हरकत घेतली नाही.

बाहेर पडण्याचा नियमही याच वेळी झाला: जो संस्था सोडेल त्याने जुन्या कर्जातला आणि पाइपलाइनमधला आपला वाटा चुकता करूनच जायचं.

वीजजोडणीचं प्रकरण अवघड निघालं. वाढीव लोडसाठी नवा फीडर (आवारापर्यंतची वीजवाहिनी) आणि मोठा ट्रान्सफॉर्मर लागणार होता आणि जो पहिला मागेल त्याने पूर्ण खर्च भरायचा, असा वीज कंपनीचा आग्रह. उद्या शेजारचे कारखाने त्याच फीडरवर आले की ते फुकटात. पहिल्यालाच शिक्षा झाली तर कोणी पहिला का होईल? बराच पत्रव्यवहार होऊन पाच वर्षांत जो कोणी जोडला जाईल त्याच्याकडून हिस्सा वसूल करून संस्थेला परत मिळेल, असं लेखी मिळालं.

सरकारी अनुदान होतं, पण काम पूर्ण झाल्यावर परतफेड स्वरूपात. तोपर्यंत संस्थेने मधल्या काळापुरतं कर्ज काढलं आणि त्याचं व्याज सोसलं. अनुदानाचे नियम करणाऱ्यांनी हा मुद्दा मनावर घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. आधी खर्च करा, मग मागा, या अटीवर दिलेली मदत हातात रोकड असणाऱ्यालाच पोचते.

राहिले ग्राहक, ज्यांच्या पत्राने हे सगळं सुरू झालं. भीती घालायला एका सभासदाने युरोपीय संघाच्या सीमेवरच्या कार्बन आकाराचं, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावर लागणाऱ्या आकाराचं, नाव घेतलं. समितीने तपासलं: ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदणीच्या टप्प्यापासून सुरू झालेल्या त्या व्यवस्थेत सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन आहेत, कापड नाही. म्हणजे ग्राहकांची मागणी ही त्यांच्या जाहीर केलेल्या उद्दिष्टांसाठी होती, आणि ती पूर्ण व्हायला हवी असेल तर त्यांनाही काही द्यायला सांगता येत होतं. दोघांना पत्रं गेली. एकाने दर वाढवून द्यायला नकार दिला, पण तीन वर्षांच्या ऑर्डरींची हमी लिहून दिली. तेवढ्यावर बँकेने व्याज कमी केलं. दुसऱ्याने ही पुरवठादाराची जबाबदारी आहे असं एका ओळीत कळवलं. ज्याने मुदत घातली त्यानेच एक पैसा न देणं, हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं.

अंदाजपत्रकात नसलेली माणसं

तुकड्यांची यादी तयार झाली तेव्हा त्यात बॉयलर-घरातली माणसं नव्हती. संस्थेच्या पगारावरच्या आठ जणांचा विचार व्यवस्थापकाने मनात केला होता: तिघे छोट्या बॉयलरवर, पाच जण प्रशिक्षण घेऊन हीट पंप आणि पंप-घरावर. ठेकेदाराच्या नऊ जणांसाठी ठेका संपल्याचं एक पत्र तयार होतं.

बॉयलर थंड करायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्यातले तिघे कार्यालयात आले. त्यातला सर्वांत जुना पहिल्या दिवसापासून राख उपसत होता. क्लिंकर (राखेचे वितळून घट्ट झालेले गोळे) फोडून फोडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. तो म्हणाला, "साहेब, आमचं नाव कुठल्या मस्टरवर आहे ते तरी सांगा." संस्थेच्या मस्टरवर ते नव्हतं. ठेकेदाराच्या बिलात "मजूर ९" एवढी नोंद होती.

दक्षिण आफ्रिकेतलं कोमाटी हे कोळशावरचं वीज केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं तेव्हाही हेच झालं. कायम कामगारांना दुसरीकडे सामावून घेतलं गेलं. ठेकेदारांची माणसं आणि त्यांच्यावर जगणारे छोटे व्यवसाय मागे राहिले. उलट उदाहरण स्पेनचं. तिथे कोळसा खाणी बंद होण्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सरकार आणि कामगार संघटनांमध्ये करार झाला. लवकर निवृत्ती, पुन्हा प्रशिक्षण आणि खाणींच्या परिसरासाठी मिळून २५ कोटी युरोंची तरतूद होती. रक्कम कमी की जास्त यावर वाद होऊ शकतो, पण बोलणी कुलूप लावण्याआधी झाली.

इथे बोलणी कुलूप लागल्यावर झाली. छोट्या कारखान्याच्या त्याच मालकिणीने सभेत विषय लावून धरला. ज्या प्रमाणात जुनं कर्ज वाटलं त्याच प्रमाणात या नऊ जणांचाही खर्च उचलावा, असा तिचा ठराव होता, आणि तो मंजूर झाला. तिघांना ब्रिकेटच्या बॉयलरवर भरणीचं काम मिळालं, दोघांना लाइनच्या देखभालीवर संस्थेच्या मस्टरवर घेतलं. चौघांना सहा महिन्यांचा पगार देऊन निरोप दिला गेला. ती रक्कम त्यांच्या हातात पडायला चार महिने लागले. रोजावर जगणाऱ्या घरासाठी हे चार महिने काय असतात ते वेगळं सांगायला नको.

परिणाम

पहिलं पूर्ण वर्ष संपलं तेव्हा सामायिक बॉयलरमधला कोळसा शून्यावर होता. मोठ्या दोघांचं उष्णतेचं बिल उतरलं, मध्यम तिघांचं जवळपास होतं तेवढंच राहिलं. छोट्या नऊपैकी सहा जणांचं कमी झालं, मुख्यतः मीटरमुळे. दोघांचं तेवढंच राहिलं. वर्षाच्या मध्यात विजेचा दर वाढला तेव्हा राखीव निधीतून फरक भरला गेला आणि निधीचा तिसरा हिस्सा एका वर्षात संपला.

नववा कारखाना बंद पडला. जॉबवर्क आधीच घटलं होतं, त्यामुळे एकच कारण धरता येत नाही. पण एक खर्च कोणाच्याही फोडीत नव्हता, आणि त्याने या कारखान्याचं कंबरडं मोडलं: गेटच्या आतला. आजवर जिगरच्या टबात वाफेची नळी थेट सोडून पाणी तापवायचं. आता गरम पाण्याची टाकी, नवी पाइपलाइन, पंप आणि नियंत्रण हवं. शिवाय ते बसवेपर्यंत मशीन बंद, म्हणजे कामही बंद. मोठ्यांनी एकेक मशीन पाळीपाळीने बदललं. ज्याच्याकडे दोनच जिगर आहेत त्याने पाळी कशी लावायची?

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले ते इंधनावरच्या वाढत्या करामुळे, आणि जानेवारी २०१९ ची ठरलेली वाढ सरकारला सोडून द्यावी लागली. शहरापासून दूर राहणाऱ्यांना गाडीवाचून पर्याय नव्हता, आणि नवी गाडी घ्यायला पैसे नव्हते. दर बदलला, हातातलं साधन तेच राहिलं. या नवव्या कारखान्याच्या बाबतीत दर उलट स्वस्त होता, तरी साधन बदलण्याच्या पायरीवरच तो अडखळला.

वेगळं काय करता आलं असतं

गेटच्या आतला खर्च पहिल्या दिवसापासून प्रकल्पाचा भाग धरायला हवा होता, किमान दोन-तीन मशीनवाल्यांसाठी. संस्थेने एक फिरती टाकी आणि पंपाचा संच घेऊन तो बदलाच्या दिवसांत एकेका छोट्याकडे आळीपाळीने लावला असता तर काम बंद ठेवावं लागलं नसतं. हे तेव्हाही सुचण्यासारखं होतं. सुचलं नाही, कारण तांत्रिक समितीत छोट्यांचा एकही माणूस नव्हता.

ठेकेदारांच्या माणसांची यादी कर्जाच्या अर्जासोबतच करायला हवी होती. बँक यंत्रांची यादी मागते, माणसांची मागत नाही. ती मागण्याचं काम संस्थेलाच करावं लागेल. सहा महिन्यांची रक्कम बॉयलर थंड होण्याआधी वेगळ्या खात्यात जमा असती तर चार महिन्यांचा उशीर टळला असता.

मोजणी आधी झाली हे बरोबर झालं, पण तिच्यासाठी ग्राहकांच्या पत्राची वाट पाहायची गरज नव्हती. मीटर दहा वर्षं आधी लागले असते तर छोट्यांचे पैसे वाचले असते, कोळसाही कमी जळला असता.

दराच्या हमीबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. पाच वर्षांची हमी दिल्याशिवाय छोटे आले नसते, हे खरं. पण निधी याच वेगाने संपला तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तो रिकामा होईल, आणि उरलेल्या दोन वर्षांचं काय याचं उत्तर करारात नाही. हमी देताना ती संपल्यावर भार कोण घेणार हेही लिहायला हवं होतं. सौर करारातला विजेचा हिस्सा वाढवून हा धोका कमी करता येईल का, याची चाचपणी सुरू आहे.

सध्या संस्थेपुढे दोन विषय आहेत. मोठ्या दोन कारखान्यांतल्या स्टेंटरना (कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रांना) २०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, ती त्यांचे स्वतःचे थर्मिक फ्लुइड हीटर (तेल तापवून उष्णता पोचवणाऱ्या भट्ट्या) देतात, आणि ते अजून कोळशावरच आहेत. हा खर्च त्यांचा एकट्यांचा आहे, यावर मतभेद नाही. दुसरा विषय बंद पडलेल्या कारखान्याच्या राखीव क्षमतेचा. शेजारच्या आवारातल्या एका धुलाई कारखान्याने ती मागितली आहे. त्याला सभासद करून घ्यायचं झालं तर मागच्या कर्जाचा भार त्याच्यावर टाकायचा नाही, पण वीज फीडरचा हिस्सा घ्यायचा, असा मसुदा तयार आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो आहे, आणि त्या सभेला देखभालीवरच्या दोघांपैकी एकाला, पूर्वी राख उपसणाऱ्याला, कामगारांच्या वतीने बसायचं निमंत्रण गेलं आहे.